छत्रांचे रान आणि कावेरीचे शेवटचे पाणी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादकांचा आग्रह दरवर्षी असतो आणि दरवर्षी मी तो टाळतो. यंदा मात्र स्वतःहून लिहायला बसलो आहे. कारण यंदाच्या सर्वसाधारण सभेत उत्सवाच्या शिल्लक रकमेचे काय करायचे हा विषय निघाला. कोणी नवा मंडप म्हणाले, कोणी ध्वनिवर्धक म्हणाले. मी गावच्या तळ्याचे नाव काढले तेव्हा थोडे हसू झाले. सभेत मला नीट सांगता आले नाही, ते इथे सांगतो.

बँकेच्या नोकरीत बदली होऊन १९८६ साली मी तंजावुरात आलो. शेतीकर्जाचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे या त्रिभुज प्रदेशातली गावे पायाखालून गेली. भातशेती, नारळाच्या बागा, प्रत्येक देवळापुढे एक कुळम म्हणजे तळे, आणि गावाबाहेर एरी म्हणजे मोठा तलाव. साताऱ्याकडून आलेल्या मला पाण्याची ही श्रीमंती पाहून हेवाच वाटला. पुढे कळले, की ही श्रीमंती आपोआप आलेली नाही.

१९९८ साली आपल्या उत्सवाची मूर्ती प्रथमच मोठी आणायची असे ठरले. प्लास्टर ऑफ पॅरिसची, सोनेरी आणि निळ्या रंगाची मूर्ती आणली. विसर्जन जवळच्या एका गावच्या तळ्यात केले. ती जागा सुचवणारा आणि गावकऱ्यांची परवानगी मिळवणारा मीच होतो. पुढच्या मे महिन्यात माझे घरमालक सकाळी दाराशी आले. हे इथले जुने मराठी कुटुंब, दहा पिढ्या तंजावुरातली. त्यांना सगळे रावजी म्हणत. "साहेब, जरा माझ्याबरोबर चला," एवढेच म्हणाले. आम्ही त्या तळ्यावर गेलो. पाणी आटले होते आणि गाळातून आपला गणपती कमरेपर्यंत वर आला होता. रंग पोपडे धरून सुटला होता, हात तुटला होता, लोखंडी सळई दिसत होती. दोन मुले त्या सळईला दोरी बांधून म्हैस अडकवत होती.

रावजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या घरी गणपती तळ्याच्याच मातीचा असतो. डोळ्यांना गुंजा लावतो, वर कागदाची छत्री धरतो. तळ्यातून आला, तळ्यात गेला. तुम्ही देव पाण्यात सोडला नाहीत, साहेब, पाण्यावर टाकलात."

ती मूर्ती आम्ही चौघांनी दुसऱ्या दिवशी बाहेर काढली. त्यानंतर रावजींबरोबर मी ज्या वाटा चाललो, जी जुनी माणसे भेटलो आणि जे वाचले, त्यातून हा लेख झाला आहे.

पाणी चालते कसे

कावेरीचा हा प्रदेश अगदी मंद उताराचा आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी करिकाल चोळाने बांधला असे मानला जाणारा कल्लणै बंधारा या साऱ्याच्या डोक्याशी उभा आहे. कावेरीचे पाणी खोल आणि जवळच्या वाटेने कोल्लिडम नदीत पळून जाऊ नये, हे त्याचे मूळ काम. तिथून पाणी कावेरी, वेण्णार आणि त्यांच्या असंख्य फाट्यांत जाते, फाट्यांतून वाय्क्कालमध्ये म्हणजे आपल्या भाषेत पाटात, पाटातून शेतात. एका शेताचे निथळलेले पाणी पुढच्या पाटात उतरते, पुढच्या तळ्यात साठते आणि शेवटी पाल्कच्या उपसागराला मिळते. सगळ्यात शेवटच्या गावांना इथे 'कडैमडै' म्हणतात. वरच्याने जे पाण्यात टाकले ते खालच्याला प्यावे लागते, आणि वरच्याने पाट बुजवला तर खालचा कोरडा राहतो.

तंजावूर शहराची पाण्याची व्यवस्थाही अशीच विचाराने केलेली होती. पहिला नायक राजा सेवप्पा याच्या नावाचा तलाव शहराच्या पश्चिमेला होता. पावसाचे पाणी आधी तिथे थांबे, गाळ खाली बसे, आणि मग ते मोठ्या देवळाजवळच्या शिवगंगा तळ्यात येई. तिथून भाजलेल्या मातीच्या नळांनी ते शहरातल्या तळ्यांना आणि विहिरींना मिळे. या रचनेला जलसूत्र म्हणत. पुण्याच्या वाचकांना हे ओळखीचे वाटेल. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजहून शनिवारवाड्याकडे नळ आणला, तेव्हाही आधी तलावात गाळ बसवायचा आणि मग निवळ पाणी पुढे सोडायचे, हेच सूत्र होते. निवळण्यासाठी पाण्याला थांबायला जागा लागते, ही गोष्ट दोन्हीकडच्या लोकांना माहीत होती.

शहर वाढले तसे नळ बुजले, पाणलोटावर घरे झाली आणि तळ्यांत सांडपाणी शिरले. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेत अय्यनकुळम आणि सामंतन कुळम या दोन जुन्या तळ्यांची दुरुस्ती झाली, आणि शिवगंगेकडून अय्यनकुळमकडे येणारी जुनी भुयारी वाट पुन्हा मोकळी करण्यात आली. ती बातमी वाचली तेव्हा रावजींची आठवण झाली. ते असते तर काठी घेऊन आधी ती वाट पाहायला गेले असते.

भोसल्यांच्या राज्यात

व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास तंजावूर घेतले आणि १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचे राज्य राहिले. आपण मराठी माणसे या राज्याचे नाव काढले की सरस्वती महाल, नाटके आणि मोठ्या देवळाच्या भिंतीवरचा १८०३ सालचा भोसले वंशाचा शिलालेख यांबद्दल बोलतो. पण या राजांची खरी झोप उडवणारी गोष्ट पाणी हीच होती. राज्याचे सारे उत्पन्न भातावर, भात कावेरीवर, आणि कावेरीचा बांध मात्र त्रिचनापल्लीच्या बाजूला, अर्काटच्या नवाबाच्या मुलखात. १७६२ च्या तहानंतरही बांधाची दुरुस्ती कोणी करायची यावरून भांडण चालूच राहिले. त्यात १७८१ साली हैदरअलीची स्वारी झाली आणि गावेच्या गावे ओस पडली. माणूस नसला की पाट उपसायला कोणी नसतो, आणि पाट उपसला नाही की परत आलेल्या माणसाला पाणी मिळत नाही.

१७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. कंपनीने १८०४ साली कॅप्टन कॉल्डवेल याला कावेरीच्या पाहणीला नेमले. १८३६ पासून आर्थर कॉटनने कोल्लिडमच्या तोंडाशी वरचा बंधारा बांधला. दगड आणि चुन्याचे काम सरकारने उचलले, पण गावातले पाट आणि तळी यांचे काय? ते पूर्वीपासून 'कुडिमरामत्तु' या रीतीने चाले. पाणी सुटण्याआधी घरटी एक माणूस फावडे घेऊन येई आणि आपल्या वाट्याचा पाट साफ करी. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत जसे सगळे बागायतदार मिळून बंधाऱ्याचा आणि चाऱ्यांचा गाळ काढत, तसेच हे. मद्रास सरकारने १८५८ साली या कामाचा कायदाच केला. पण जे काम आपले म्हणून होत होते, ते सक्तीचे झाल्यावर हळूहळू कोणाचेच राहिले नाही. २०१७ साली राज्य सरकारने कुडिमरामत्तु हेच नाव देऊन तलाव दुरुस्तीची योजना पुन्हा काढली, हे चांगलेच झाले. तरीही नावाबरोबर ती सवय परत येते का, हा प्रश्न गावोगावी वेगळा सुटतो.

छत्रांचे रान

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. तंजावूरच्या मराठी राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली, हे आपल्याला माहीत आहे. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. इथे वाटसरूला जात न विचारता अन्न मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, अनाथ मुलांची सोय होई. छत्रांचे उत्पन्न कंपनीने हात लावू नये म्हणून दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ साली रेसिडेंटला जे पत्र लिहिले, त्यात हे सारे तपशीलवार आले आहे.

छत्रांचा खर्च कशातून चाले? जमिनींतून, गावांच्या महसुलातून, आणि एका रानातूनही. मुत्तुपेट्टै येथे कावेरीचे फाटे समुद्राला मिळतात, तिथे सुमारे १२ हजार हेक्टरांचा खारा पाणथळ प्रदेश आहे आणि त्यात तिवरांचे रान. तमिळमध्ये तिवराला 'अलैयात्ति' म्हणतात, म्हणजे लाट शांत करणारे झाड. मराठी राजांच्या कागदांत या रानाचा माग १७४० च्या दशकापर्यंत लागतो आणि ते छत्र खात्याकडे होते. पुढे १८५३ ते १९१२ या काळात या रानाचे उत्पन्न छत्रांच्या खर्चासाठी वापरले जाई. म्हणजे रामेश्वरला चाललेल्या यात्रेकरूच्या पानातल्या भाताला या चिखलातल्या झाडांचा आधार होता.

मग लाकडासाठी तुकडे पाडून सरसकट तोड सुरू झाली. एका वर्षी एक तुकडा पूर्ण साफ करायचा, काही वर्षांनी तिथे रान पुन्हा उभे राहील असा हिशेब. साध्या जंगलाला हा हिशेब कदाचित लागू पडत असेल, तिवराला पडला नाही. झाडांची सावली गेली, उघड्या चिखलातले पाणी उन्हाने उडाले, जमीन खचली आणि बशीसारखे खळगे झाले. भरतीचे पाणी त्या खळग्यांत येई, पण ओहोटीला बाहेर पडू शकत नसे. ते तिथेच आटे आणि मीठ मागे ठेवी. काही वर्षांत जमीन इतकी खारट झाली की तिवरसुद्धा उगवेना. १९३७ साली हे रान वनखात्याकडे आले, पण तोड पुढे बराच काळ चालूच राहिली. त्यात १९३४ साली मेट्टूरचे धरण झाल्यानंतर समुद्रापर्यंत पोचणारे गोडे पाणीही कमी होत गेले.

बरीच वर्षे लोक म्हणत, की सरपणासाठी गावकऱ्यांनी रान खाल्ले. १९९० च्या दशकात एम. एस. स्वामीनाथन संशोधन प्रतिष्ठान आणि वनखाते यांनी नीट पाहणी केली, तेव्हा दोष मुख्यतः त्या तोडीच्या पद्धतीचा आणि पाण्याच्या अडलेल्या वाटेचा निघाला. स्वामीनाथन हे आपल्या कुंभकोणमचेच. उपाय साधा होता. आधी झाडे लावायची नाहीत, आधी पाण्याची वाट करायची. मधून एक मोठी चारी, तिला दोन्ही बाजूंनी तिरप्या लहान चाऱ्या, माशाच्या काट्यासारख्या. त्यातून भरतीचे पाणी आत आले आणि ओहोटीला बाहेर पडले. मीठ धुतले गेले. मग चाऱ्यांच्या कडेने तिवराची कोंब आलेली फळे टोचली. आजूबाजूच्या खेड्यांतले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या तिथे मासेमारीसाठी चाऱ्या खणत आलेच होते. या कामात त्या गावांना भागीदार करून घेतले. उजाड खळगे पुन्हा हिरवे झाले.

तिवराच्या मुळांत पाणी मंदावते. शेतांतून आलेला गाळ आणि खताचा अंश तिथे अडकतो, कोळंबीची आणि माशांची पिल्ले तिथे वाढतात, आणि समुद्राला मिळणारे पाणी निवळून मिळते. नायकांच्या तलावाने शहरासाठी जे केले, तेच तिवरांचे रान समुद्रासाठी करते.

रान उभे करण्याइतकेच ते राखणे अवघड आहे. १९९० च्या दशकात किनाऱ्यावर कोळंबीची तळी झपाट्याने वाढली. खारे आणि घाण पाणी शेतांत, विहिरींत शिरू लागले. नागपट्टिणम भागात सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन आणि कृष्णम्माळ यांनी गावकऱ्यांना घेऊन लढा दिला आणि जगन्नाथन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी किनारी पट्ट्यातील अशा तळ्यांविरुद्ध निकाल दिला. पुढे १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गजा चक्रीवादळाने मुत्तुपेट्टैचे रानही झोडपले. पुन्हा लावणी, पुन्हा चाऱ्या. हे काम एकदा करून संपत नाही.

गजानंतर

गजाने आपल्या परिसरात काय केले ते इथल्या वाचकांना सांगायला नको. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू इथली नारळाची झाडे काडीसारखी मोडली. पण त्यातूनच पेरावूरणीत एक चांगली गोष्ट घडली. हा कडैमडै भाग, कालव्याचे पाणी पोचले तर पोचले. तिथल्या तरुणांनी आणि शेतकऱ्यांनी मिळून 'कैफा' ही संघटना काढली आणि २०१९ साली गावचा ५६४ एकरांचा मोठा तलाव लोकवर्गणीतून उपसायला घेतला. बांध उंच केला, पाण्याची वाट मोकळी केली. ज्यांची झाडे वादळात गेली होती त्यांनीही वर्गणी दिली. बाहेरगावी नोकरीला गेलेल्या मुलांनी पैसे पाठवले. आपणही बाहेरगावी नोकरीला आलेलीच माणसे आहोत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

तिथून थोडे पुढे समुद्रकाठी मल्लिपट्टिणमजवळ सरफोजीराजांनी बांधलेला मनोरा उभा आहे. नेपोलियनच्या पराभवाचे स्मारक म्हणून १८१४-१५ साली तो उभारला. आपण सहलीला जातो आणि मनोऱ्याकडे पाहतो; मी हल्ली त्याच्याकडे पाठ करून समुद्राकडे पाहतो. त्या उथळ पाण्याखाली समुद्री गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर चरणारी समुद्रगाय, म्हणजे डुगाँग. तमिळ मच्छीमार तिला 'कडल पसु' म्हणतात. तंजावूर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगतचा ४४८ चौरस किलोमीटरचा समुद्र सप्टेंबर २०२२ मध्ये डुगाँगसाठी राखीव जाहीर झाला. देशातला असा हा पहिलाच. या गवताला ऊन लागते, आणि ऊन तळाशी पोचायला पाणी स्वच्छ लागते. ते पाणी आपल्या गावांतूनच तिथे जाते.

आपले तळे

आता पुन्हा त्या तळ्याकडे येऊ. मागच्या महिन्यात मी तिथे जाऊन आलो. वाय्क्कालच्या तोंडाशी बेशरमाचे रान माजले आहे. इथे त्याला नेयवेली काट्टामणक्कु म्हणतात. मधल्या वस्तीचे सांडपाणी पाटात उतरते. तळ्याच्या निम्म्या पृष्ठभागावर जलपर्णी आहे. घाटाच्या पायऱ्यांवर कोणी उतरत नाही.

सभेत एक सदस्य म्हणाले, की यंत्र लावून गाळ काढू, कडेने फरशी बसवू आणि मंडळाच्या नावाचा फलक लावू. हेतू चांगला आहे, पण वाट बंद असलेल्या तळ्याचा गाळ काढणे म्हणजे मुत्तुपेट्टैच्या खळग्यात आधी झाडे लावण्यासारखे आहे. माझी सूचना क्रमाने अशी आहे. पहिल्या वर्षी फक्त पाण्याच्या वाटेवरून चालायचे, कुठे बुजली ते गावकऱ्यांबरोबर पाहायचे आणि ग्रामपंचायतीला सोबत घ्यायचे. सांडपाणी तळ्यात येण्याआधी वळवायचे. पाट जिथे तळ्याला मिळतो तिथे एक लहान खड्डा गाळ बसायला ठेवायचा आणि लव्हाळ्याचा पट्टा राखायचा. त्यानंतर गाळ. काढलेला गाळ योग्य असेल तर शेताला आणि कुंभाराला द्यायचा. कडेला फरशी नको, माती राहू द्या. आणि हे सारे दरवर्षी, मेट्टूरचे पाणी येण्याआधी, वर्षातला एक रविवार.

दुसरी गोष्ट मूर्तीची. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० सालच्या सुधारित नियमांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर बंदी घातली, आणि २०२३ च्या सप्टेंबरात मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरै खंडपीठानेही ती उचलून धरली. आपण मातीच्या मूर्तीवर त्याआधीच आलो आहोत, हे समाधान आहे. पण नियम आला म्हणून नव्हे, तर ही मूळची रीतच आहे म्हणून ती पाळावी. पार्थिव पूजा म्हणजे मातीची पूजा. काठावरची माती घ्यायची, तिच्यात देव पाहायचा आणि ती परत पाण्याला द्यायची. हे तेव्हाच खरे होते जेव्हा ते पाणी देव सोडण्याइतके स्वच्छ असते.

रावजींना जाऊन आता बरीच वर्षे झाली. १९९९ च्या उत्सवात त्यांनीच तळ्याच्या मातीची वीतभर मूर्ती करून दिली होती आणि डोळ्यांच्या गुंजा माझ्या मुलीकडून बसवून घेतल्या होत्या. ती मूर्ती विसर्जन केली त्याच तळ्यात आम्ही आदल्या वर्षीचे पाप केले होते. त्यांनी त्याबद्दल पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. मला मात्र ते फेडायचे राहिले आहे, आणि हात कामाला लागतात तोवर फेडावे असे वाटते.

पुढच्या सभेत हा ठराव मी पुन्हा मांडणार आहे. शिल्लक रक्कम थोडी आहे, तळे मोठे आहे, हे मला ठाऊक आहे. रक्कम मंजूर झाली नाही तरी पहिल्या रविवारी सकाळी सहा वाजता मी फावडे घेऊन त्या पाटाच्या तोंडाशी उभा असेन. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी यावे. चहा माझ्याकडे.

गणपती बाप्पा मोरया!